वस्तादांच्या कानाला लागलेला डिसमिस

मी एक जुना डिसमिस आहे. तुम्ही मला स्क्रूड्रायव्हर म्हणत असाल, पण गॅरेजात सगळे डिसमिसच म्हणतात. माझा पोलादी दांडा कोपरापासून मनगटापर्यंत पोहोचेल इतका लांब आहे. मूठ लाकडाची आहे आणि तिचा वरचा गोल भाग अगदी गुळगुळीत झाला आहे. मित्रांनो, तो भाग एका माणसाच्या कानाला लागून लागून झिजला.

एका कारखान्यात लालबुंद सळईतून मला ठोकून काढलं, तेलात बुडवून कडक केलं. आम्ही सहा भाऊ एका डब्यात होतो. त्यातले पाच कधी मोडले, कधी हरवले. मी टिकलो, कारण मला स्क्रू पिळायला फारसं कुणी वापरलंच नाही. माझ्या मालकांना सगळे वस्ताद म्हणत. गॅरेज उघडलं त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं टोक चालू इंजिनावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली. इंजिनाच्या पोटातला आवाज माझ्या दांड्यातून चढून थेट त्यांच्या कानात गेला. त्या दिवसापासून माझं काम ठरलं.

काय दिवस होते ते! कुठली कुठली माणसं गाड्या घेऊन यायची. "वस्ताद, कुरकुर येते," "वस्ताद, शिट्टी वाजते." वस्ताद मला चार ठिकाणी टेकवत, डोळे मिटत आणि म्हणत, "पाण्याच्या पंपाचं बेअरिंग. आणखी महिनाभर चालेल, मग रस्त्यात रडवेल." उघडून बघितलं की तेच निघायचं. लोक म्हणत, डॉक्टरांनी यांच्याकडे शिकायला यावं. वस्तादांची लेक तेव्हा लहान होती. ती मला उचलून भिंतीवरच्या घड्याळाला लावायची आणि "बाबा, घड्याळाला ताप आलाय!" म्हणून ओरडायची.

ती लेक मोठी झाली, तंत्रशिक्षण घेऊन बापाच्याच गॅरेजात कामाला लागली. हात चांगला होता तिचा. त्याच सुमारास मला एक गोष्ट कळली, जी दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हती.

पूर्वी वस्ताद मला कानाला अलगद लावत. आता दाबून लावू लागले. इतकं, की मूठ काढल्यावर कानाजवळ गोल वळ उमटायचा. मग त्यांनी डावा कान सोडून उजवा धरला. पत्रा ठोकण्यात आणि हवेच्या गनने नट सोडवण्यात गेलेल्या तीस वर्षांनी त्यांचे कान खाऊन टाकले होते. मी आवाज आणत होतो, पण घ्यायला कुणी नव्हतं. वस्तादांनी मात्र ताकास तूर लागू दिली नाही. गिऱ्हाइकाच्या ओठांकडे बघून ते बोलणं ओळखत. गाडीचं वय, मालकाची चालवायची पद्धत, इंजिनाची थरथर यावरून अंदाज बांधत. दहातले नऊ अंदाज बरोबर यायचे. त्यामुळे दहावा कुणी मोजला नाही.

लेकीला संशय आला होता. एकदा जेवताना ती म्हणाली, "बाबा, टीव्ही शेजारच्यांनाही ऐकू जातो. एकदा कान दाखवून घ्या ना."

"माझे कान म्हणजे हे गॅरेज आहे," वस्ताद म्हणाले. "वस्तादाचे कान गेले असं एकानं जरी म्हटलं, तर उद्यापासून इथे कुत्रं फिरकणार नाही."

लेक गप्प बसली. तिचंही पोट त्याच गॅरेजावर होतं.

आता सिस्टरची गोष्ट सांगतो. त्या नर्स होत्या. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन जखमा धुणं, पट्ट्या बदलणं, इंजेक्शन देणं हे त्यांचं काम. दिवसाला दहा-बारा घरं व्हायची, त्यामुळे गाडीवर त्यांचा फार जीव. ठरलेल्या वेळी त्या सर्व्हिसिंगला आल्या. तेल बदललं, पुढचे ब्रेक पॅड नवे घातले. लेक सुटे भाग आणायला गेली होती, म्हणून चाकं वस्तादांनीच बसवली. पुढच्या डाव्या चाकाचे नट त्यांनी हलके आवळले, जॅक उतरवला आणि शेवटचा पीळ द्यायला मोठा पाना उचलला. तेवढ्यात फाटकातून कुणीतरी हाक मारली. ती त्यांना ऐकू आली नाही, पण हलणारा हात दिसला. दुसरा कुणी असता तर त्यानं जागेवरूनच उत्तर दिलं असतं. वस्तादांना ओठ दिसायला हवे होते. पाना खाली ठेवून ते फाटकापर्यंत गेले, बोलले, परत आले. चाकावरची प्लास्टिकची टोपी समोर पडली होती. त्यांनी ती दाबून बसवली. नट झाकले गेले. मी त्यांच्या मांडीवरच्या लांब खिशात होतो. मी बघितलं, पण मला तोंड नाही.

दोन दिवसांनी सिस्टर परत आल्या. "वस्ताद, पुढून डावीकडून खट्ट खट्ट येतंय. सर्व्हिसिंगच्या आधी नव्हतं हे."

वस्तादांनी पुढची बाजू उचलली, सिस्टरना गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकायला लावलं आणि फिरणाऱ्या चाकामागे माझं टोक टेकवलं. मित्रांनो, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एक ठोका येत होता. खट्ट. मी तो जसाच्या तसा त्यांच्या कानापर्यंत नेला. खट्ट. त्यांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही.

"नवे पॅड आहेत," ते उठत म्हणाले. "बसायला वेळ घेतात. आठवड्याभरात जाईल आवाज."

लेक टेबलाजवळ उभी होती. "बाबा, मला इथपर्यंत आवाज येतोय. पॅडचा नाही वाटत. टोपी काढून नट बघूया."

या वेळी तिचे ओठ त्यांना नीट दिसले. गिऱ्हाइकासमोर लेक चूक काढते आहे, एवढंच त्यांनी त्यातून घेतलं. "ती चाकं मी लावली आहेत. मला शिकवतेस? जा, जॉब कार्डं पूर्ण कर."

लेकीचा चेहरा उतरला. ती टेबलाकडे वळली. सिस्टर जरा घुटमळल्या, मग हसल्या. "तुम्ही म्हणताय म्हणजे तसंच असणार. निघते, एक आजोबा वाट बघतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी पुलाकडे जाणाऱ्या उतारावर ते चाक निखळलं. गाडी गिरकी घेऊन उजव्या बाजूनं कठड्यावर आदळली आणि कुशीवर पडली. सिस्टर वाचल्या. पण उजवा हात दरवाजा आणि कठड्यात सापडून चिरडला.

दोन दिवसांनी तपासणी अधिकारी गॅरेजात आले. त्यांनी जॉब कार्ड मागितलं. "चाकांचे नट तपासले" या ओळीपुढे लेकीची सही होती. कागदपत्रं नेहमी तीच पुरी करायची. वस्ताद पाठमोरे उभे होते. "ही चाकं कुणी लावली?" अधिकाऱ्यांनी विचारलं. वस्ताद वळले नाहीत. पुन्हा विचारलं, तरी वळले नाहीत.

"सही माझी आहे," लेक म्हणाली. "चूक माझी आहे, साहेब. बाबांचा काही संबंध नाही."

अधिकारी लिहू लागले. वस्तादांनी मागे वळून पाहिलं. लेकीच्या डोळ्यांत पाणी होतं आणि कागदावर पेन चालत होतं. "काय म्हणाली ती?" त्यांनी विचारलं. लेकीनं डोळे पुसले. "काय म्हणाली?"

मग त्यांना ते उमगलं असावं. त्यांनी कागदावर हात ठेवला.

"तिचं लिहू नका," ते म्हणाले. बहिरी माणसं बोलतात तसा मोठा, बेसूर आवाज होता तो. "चाकं मी लावली. तिनं मला सांगितलं होतं, बघा म्हणून. मला तो आवाज ऐकूच आला नाही. चार वर्षं झाली, मला काहीच धड ऐकू येत नाही."

लेक खुर्चीत बसून ढसाढसा रडली.

त्याच संध्याकाळी वस्ताद कामाच्या कपड्यांतच इस्पितळात गेले. मी खिशात होतो. सिस्टर खिडकीजवळच्या खाटेवर होत्या. हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत होता. वस्तादांनी हात जोडले, तेव्हा त्या खिडकीकडे तोंड वळवून हळू आवाजात म्हणाल्या, "मला ऐकू येत होतं. तुमच्या मुलीलाही येत होतं. आमच्यावर विश्वास ठेवायला तुमचं काय जात होतं?"

वस्तादांना त्यांचे ओठ दिसले नाहीत. ते वाकले. "बाई, मला ऐकू येत नाही. लिहून द्याल का?"

सिस्टरनी मान वळवली आणि तो पट्ट्यांतला हात चादरीवरून जरासा उचलून दाखवला. तो हात आता सुई धरणार नव्हता, पेनही धरणार नव्हता. भेटीची वेळ संपल्यावर एका वॉर्डबॉयनं त्यांना खांद्याला धरून बाहेर नेलं. त्या काय म्हणाल्या, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

गॅरेज सात महिने बंद होतं. वस्तादांवरचा खटला अजून चालू आहे. आता शटर लेक उघडते. ती प्रत्येक नट दोनदा आवळते आणि गिऱ्हाइकाला स्वतः हात लावून बघायला सांगते. वस्ताद घरीच असतात. मी खालच्या खणात आहे. माझ्या टोकाला गंज चढायला लागला आहे.

मित्रांनो, मला कुणी पुसून तेल लावलं तर बरं वाटेल, पण माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरातलं एखादं माणूस पुन्हा पुन्हा "काय? काय म्हणालास?" विचारायला लागलं, तर त्याला हसू नका आणि त्याच्यावर चिडूही नका. हसतील या भीतीनंच माणूस ताकास तूर लागू देत नाही. त्याचा हात धरा, त्याला डॉक्टरकडे न्या. नाही म्हणालं तरी पुन्हा पुन्हा सांगा. आणि काहीतरी चुकतंय असं तुम्हाला स्वतःला ऐकू येत असेल, तर समोर कितीही मोठा वस्ताद असो, एकदा सांगून गप्प बसू नका.