न फोडलेला संच

मित्रांनो, मला जुना म्हणतात, पण कित्येक वर्षं वापरलेला कुणी म्हणू शकत नव्हतं. शास्त्रीय गाण्याच्या शंभर सीड्यांचा मी संच. दोन्ही हातांनी उचलावा लागतो, एवढा मोठा. कारखान्यात माझ्यावर प्लास्टिक चढवलं तेव्हा वाटलं, हे लवकरच निघेल आणि पोटातलं गाणं मोकळं होईल.

राजारामपुरीतल्या सोमशेखर नावाच्या कापड दुकानदारानं मला घरी आणलं. त्याच्या कपाटात माझ्यासारखे पुष्कळ संच होते. सगळे सीलबंद. पाहुणे आले की तो आम्हाला दाखवायचा. खंडेनवमीला पाटावर मांडून हळदकुंकू वाहायचा. वाजवायचा मात्र नाही.

त्याची थोरली बहीण रुद्राणी त्याच्याकडेच राहायची. तरुणपणी ती गाणं शिकली होती. तिच्या गुरूंनी गायलेला भूप राग माझ्या पोटात होता, दुसरीकडे कुठंच नव्हता. आणि तिचे कान दिवसेंदिवस मंद होत होते.

"सोमू, एकदा लाव की रं. कान चाललं माझं."

"लावूया की, अक्का. चांगलं मशीन येऊ दे. या डबड्यावर तुझ्या गुरूंना वाजवू व्हय?"

शेजारचा कृष्णात हसायचा. "नुसतं बघायचंच हुतं तर कॅलेंडर आणायचं की, शेठ!"

"तुला न्हाय कळायचं. फोडला की संच बाटला."

मशीन आलं. मग म्हणाला, दसऱ्याच्या मुहूर्तावर फोडू.

खंडेनवमीला आमची पूजा झाली. स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्यांवर शिट्ट्या देत होता आणि रुद्राणी शेजारीच शांतपणे भाजी चिरत होती. सोमशेखरनं दोनदा हाक मारली. तिनं मान वळवली नाही.

पूजेतल्या वस्तूला त्या दिवशी हात लावायचा नसतो. तरी त्यानं नखांनी माझं प्लास्टिक फाडलं, भूपाची सीडी लावली, आवाज वाढवत नेला. कृष्णात दारात येऊन उभा राहिला.

रुद्राणी हात पुसत बाहेर आली. मला उघडा पाहून तिचा चेहरा फुलला.

"फोडलास व्हय? मग लाव की आता!"

भूप तेव्हा ऐन भरात होता.

मित्रांनो, हल्ली सोमशेखर मला रोज वाजवतो. एकटाच ऐकतो. मला त्याची कीव येत नाही. तुमच्या घरात कुणी "लाव की" म्हणत असेल, तर आजच लावा. आम्हाला ओरखडे पडू द्या. आमची पूजा करू नका.