भट्टीवाल्याचा डावा गाल

देवाने माणसाला डोळे दिले, पण ते चेहऱ्यातच बसवले. त्यामुळे जगातले सगळे चेहरे दिसतात, आपला तेवढा दिसत नाही. तो बघायला आरसा लागतो, नाहीतर घरातली माणसं. त्यातल्या त्यात आरसा बरा, तो गप्प तरी बसतो.

बेकरीतल्या भट्टीवाल्याला स्वतःच्या चेहऱ्याशी कधी काही देणंघेणं नव्हतं. उजाडायच्या आत भट्टीसमोर उभं राहायचं, लांब दांड्याच्या फळीवरून कच्चे पाव आत सारायचे, तांबूस झाले की बाहेर ओढायचे. इतकी वर्षं पाव भाजता भाजता पावांबरोबर तोही भाजत गेला. दोन्ही गाल राठ झाले, विटेसारखे तांबडे झाले, थंडीत तर त्यांना भेगा पडत. तो म्हणायचा, "माझ्या चेहऱ्याकडे बघायला गिऱ्हाइकाला वेळ कुठाय? ते पावाकडे बघतं."

पण मालकाच्या डोक्यात किडा वळवळला. पावाची नवी पिशवी छापायची आणि तिच्यावर भट्टीवाल्याचा फोटो टाकायचा! महिनाअखेरच्या सुटीला फोटोवाला येणार, असं ठरलं. भट्टीवाल्याने हे घरी जेवताना सांगितलं आणि ताटावरच महाभारत सुरू झालं.

घरात माणसं चार. तो, त्याची बायको, लेक आणि त्याची थोरली बहीण. बहिणीला तो ताई म्हणे, लेक आत्या म्हणे. आईबाप लवकर गेले, तेव्हा ताईने एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात राबून या धाकट्याला वाढवलं. ती आता घरीच असे, पण तिचा शब्द ओलांडायची धाकट्याची छाती अजून झाली नव्हती. तिच्या मते जगातल्या प्रत्येक दुखण्याचं औषध स्वयंपाकघरातल्या डब्यांत होतं. पुटकुळीला मध, डोळ्यांखालच्या काळ्याला गार चहाची पिशवी, सुरकुतीला अंड्याचा पांढरा भाग.

लेक चष्म्याच्या दुकानात होती. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवून ती चेहरे वाचायला शिकली होती, आणि आता तिला मेकअप शिकायचा होता. बाजारातल्या पार्लरवालीने "ये, शिकवते, पण महिनाअखेरीला हो की नाही ते सांग" असं म्हटलंही होतं. तोवर ती घरीच सराव करी. दर महिन्याला तिच्या नावाने एक गुलाबी खोका येई. त्यात बाहुलीच्या घरात शोभाव्यात इतक्या चिमुकल्या बाटल्या, ट्यूब, डब्या. महिन्याची वर्गणी लावली की कंपनी आपल्या मनाने निवडून पाठवते म्हणे.

"आपल्या मनाने?" पहिला खोका आला तेव्हाच आत्याने विचारलं होतं. "तुझ्या चेहऱ्याला काय हवं, हे तुला न बघता कळलं त्यांना? देवाला तरी बघावं लागतं गं बाई."

त्या रात्रीच्या जेवणाला लेक म्हणाली, "बाबा, फोटोआधी तुमचा चेहरा माझ्याकडे द्या. महिन्यात उजळवते."

"बापाचा चेहरा म्हणजे भिंत आहे का गं, रंग द्यायला?" आत्या उसळली. "उद्या कुणाचा चेहरा भाजला, तर कोण जबाबदार? तू की तो खोका? म्हणून सांगते, हा नाद सोड. चष्म्याचं दुकान बरं आहे. माझ्याकडे दे त्याला. ओट्स आणि दूध, बस्स."

"मग लागली पैज!" लेकीने हात पुढे केला. "बाबांचे गाल दोन. एक तुझा, एक माझा. फोटोच्या दिवशी आई निकाल देईल. माझा गाल जिंकला तर मी पार्लरमध्ये जाणार आणि तू एक अवाक्षर काढायचं नाहीस."

"आणि माझा जिंकला तर तो खोका बंद, पार्लर बंद. कबूल?"

"कबूल."

ज्याचे गाल होते त्याला कुणी विचारलंच नाही. त्याची बायको कपडे दुरुस्तीच्या दुकानात शिवणकाम करी. दिवसभर टाचण्या ओठांत धरून तिला गप्प राहायची इतकी सवय झाली होती, की टाचण्या नसतानाही ती गप्प बसे. ती नुसती हसली.

"उजवा माझा," टेबलापलीकडून, भावाच्या थेट समोर बसलेली आत्या म्हणाली.

"डावा माझा," बापाच्या पाठीशी उभी राहून त्याच्या खांद्यावर हात ठेवत लेक म्हणाली.

झालं. खरी गंमत इथेच झाली, पण ती कळायला दुसरा दिवस उजाडावा लागला.

दुसऱ्या दिवशी दुपारी भट्टीवाला कामावरून आला. आत्याने त्याला खुर्चीत बसवलं, समोर स्टूल घेतलं आणि आपल्या उजव्या हाताला जो गाल आला त्याच्यावर लेप थापला. ओट्स, दूध, मध, अंड्याचा पांढरा भाग.

"ताई, जरासा मैदा घाल," तो म्हणाला. "केक होईल."

"हसू नकोस, तडकेल! तोंड मिट."

त्याने तोंड मिटलं. संध्याकाळी लेक आली. तिने बापाला आरशासमोर बसवलं, स्वतः मागे उभी राहिली आणि त्याच्या डाव्या गालाला सीरम चोपडायला लागली. भट्टीवाला आरशात बघतच राहिला. अरे, हाच तर दुपारचा गाल! ताई समोर बसली होती. तिचं उजवं ते याचं डावं. आणि पोरगी पाठीशी. तिचं डावं तेही याचं डावंच. दोघींनी मिळून एकच गाल धरला होता आणि दुसरा बिचारा अनाथ राहिला होता.

"अगं, पण हा..." त्याने तोंड उघडलं.

"बाबा, बोलायचं नाही! सुकेपर्यंत ओठ हलवायचे नाहीत." आणि तिने त्याच्या ओठांनाही एका डबीतलं काहीतरी लावलं. गोड वास आला. त्याने सवयीने जीभ फिरवली.

"साखर जाड दळलीय," तो म्हणाला. "पण लोणी बरं आहे."

"बाबा! ते ओठांना घासायचं असतं, खायचं नसतं!"

लेप सुकेपर्यंत माणसाला विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. भट्टीवाल्याने केला. सांगितलं तर एकीला गाल बदलावा लागेल, पैज नीट लागेल, मग एक जिंकेल आणि एक हरेल. पोर हरली तर तिचं मन मोडेल. ताई हरली तर? जिने स्वतःच्या ताटातलं काढून याला वाढलं, ती या घरात "आता मला कोण विचारतं" म्हणून कोपऱ्यात बसेल. त्यापेक्षा न सांगितलेलं बरं. एकाच गालात दोघी असल्या तर हरणार कोण? देव बघून घेईल, असं म्हणून त्याने सगळा भार वर टाकला आणि तोंड पुसलं.

मग रोज दुपारी काकडी, संध्याकाळी क्रीम. एके दिवशी कुस्करलेलं केळं, तर संध्याकाळी त्याच गालावर ओला कागदी मुखवटा, अर्धा कापलेला. आणि मौज अशी, की दोघींना आपापल्या विजयाची खात्री होत चालली.

"बघितलंस, धाकट्या?" आत्या त्याचा दुसरा, कोरडा गाल निरखून म्हणे. "तिच्या खोक्याने काडीचा फरक नाही. वीट ती वीटच. माझा गाल बघ, लोण्यासारखा."

संध्याकाळी लेक तोच कोरडा गाल बोटाने दाबून म्हणे, "आत्याच्या काकडीने काय केलं बाबा? वाळवंट आहे नुसतं. मला तर वाईट वाटायला लागलंय तिचं."

"मलाही," भट्टीवाला खोल श्वास घेऊन म्हणे, आणि ते अगदी खरं असे.

बेकरीत कणीक मळणारा त्याचा जुना सोबती. तो एक दिवस भट्टीच्या उजेडात त्याच्याकडे टक लावून बघत राहिला. "काय रे, एका बाजूने करपलास की एका बाजूने कच्चा राहिलास?"

"घरी भाजणाऱ्या दोन आहेत," भट्टीवाला म्हणाला. "पण भट्टी एकच."

घरी बायकोला काय दिसत होतं, हे ती सांगत नव्हती. फक्त एकदा ती लेकीला म्हणाली, "एवढ्या उकाड्यात मनगटापर्यंत बाह्या कशाला गं?" लेक म्हणाली, "फॅशन आहे." आत्याही त्या दिवसांत अंगभर शाल घेऊन बसे. तिला कुणी विचारलं नाही, कारण म्हाताऱ्या माणसाला थंडी वाजते असं आपण आपलं धरून चालतो.

असं करता करता फोटोचा दिवस आला. फोटोवाला दहाला येणार होता. त्याआधी निकाल. भट्टीवाल्याला खिडकीपाशी बसवलं. बायको कामावरची मोजपट्टी गळ्यात तशीच टाकून समोर उभी राहिली, न्यायाधीशासारखी.

"एक गाल चांगला झालाय," ती म्हणाली. "नितळ, मऊ. एक मात्र आहे तसाच आहे. आता आपापला गाल दाखवा."

"हा!" आत्या म्हणाली.

"हा!" लेक म्हणाली.

दोन बोटं एकाच गालावर टेकली. भट्टीवाल्याने डोळे मिटून घेतले.

"अगं, हा माझा," आत्या म्हणाली.

"माझा आहे, आत्या! डावा माझा ठरला होता."

"आणि उजवा माझा. हा उजवा."

"हा डावा!"

"माझ्या उजव्या हाताला आहे, म्हणजे उजवा नाही तर काय?"

बायको खाली बसली आणि मोजपट्टी तोंडावर धरून हसत सुटली. इतक्या वर्षांच्या टाचण्या जणू एकदम गळून पडल्या. "दुकानात पहिल्या दिवशी मी हीच चूक केली होती. समोर उभ्या गिऱ्हाइकाची उजवी बाही माझ्या डाव्या हाताला येते. गिऱ्हाइकाची भलतीच बाही आखूड करून बसले होते मी! तुम्ही दोघींनी महिनाभर एकच बाही शिवली आहे."

मग दोघी एकदम भट्टीवाल्याकडे वळल्या.

"धाकट्या, तुला माहीत होतं?"

"तोंडाला लेप होता ना, ताई."

"महिनाभर?"

"तू काढलास की हिचा चढायचा."

"मग जिंकलं कोण?" लेक रडकुंडीला आली. "माझ्या सीरममुळे झालाय तो. आज त्या पार्लरवालीला काय सांगू मी?"

"माझ्या मधामुळे झालाय!" आत्याने भावाची हनुवटी धरून गाल आपल्याकडे वळवला. लेकीनेही हात घातला. त्या ओढाओढीत तिची बाही कोपरापर्यंत सरकली आणि आत्या थबकली.

पोरीच्या हाताच्या आतल्या नितळ कातडीवर ओळीने डाग होते. गुलाबी, लाल, एक तर चांगलाच सुजलेला.

"हे काय?"

"काही नाही." लेकीने बाही ओढली, पण आत्याची पकड स्वयंपाकघरातली, तिच्यातून गरम पातेलं सुटलं नव्हतं कधी.

"काय आहे, ते विचारलं मी."

"आधी मला लावून बघते," लेक पुटपुटली. "प्रत्येक बाटली. एक रात्र ठेवायची. हे झोंबलं, म्हणून बाबांना लावलंच नाही. हेही नाही. या सुजलेल्याची तर ट्यूबच फेकून दिली. बाबांचे गाल आधीच भट्टीने भाजलेत, त्यांना आणखी कशाला..."

आत्या खुर्चीत बसली. मग सावकाश तिने अंगावरची शाल बाजूला केली आणि कोपराच्या आतली बाजू पुढे केली. तिथे रुपयाएवढा लालभडक चट्टा होता.

"लिंबू," ती म्हणाली. "झोंबलं. म्हणून याला नाही लावलं."

भट्टीवाला एकदा या हाताकडे, एकदा त्या हाताकडे बघत राहिला. त्याच्या एका गालासाठी घरात दोन हात भाजले होते, आणि तो इतके दिवस आपल्या शहाणपणावर खूश होता. तेवढ्यात आत्या गरजली.

"नुसती बघत काय बसलीस? जा, सांगून ये तुझ्या पार्लरवालीला. म्हणावं, येते. आणि माझा निरोप दे: पोरीला चहा आणायला आणि केस झाडायला पाठवायचं नाही. शिकवायचं! आपल्या कातडीवर आधी लावते, तिच्या हातात मी माझाही चेहरा देईन."

"पण पैज, आत्या?"

"पैजेला घाल चुलीत. आणि तो सुजलेला डाग गार दुधाने पूस आधी. खोक्यातलं काही लावलंस तर याद राख!"

लेक आत्याच्या गळ्यात पडली, ती अशी, की लिंबाचा चट्टा दुखून आत्या ओरडली.

दहाला फोटोवाला बेकरीत आला. "समोर बघा," तो म्हणाला. भट्टीवाल्याने मान वळवली.

"अहो, समोर!"

"असाच घ्या," भट्टीवाला म्हणाला. "या बाजूने मी घरचा आहे."

पिशवी छापून आली तेव्हा त्याने पहिली घरी आणली. फोटोत तो एका अंगाने वळून भट्टीकडे बघत होता, आणि त्याचा एकच गाल ताज्या पावासारखा चकाकत होता. आत्याने पिशवी हातभर लांब धरली, डोळे बारीक केले.

"उजवा गाल काय सुरेख आलाय हो!"

"डावा, आत्या," पार्लरमधून नुकतीच आलेली लेक म्हणाली.

भट्टीवाल्याची बायको हळूच उठली, शिवणाच्या डब्यातून चार टाचण्या काढल्या आणि ओठांत धरून बसली.