मागची शिल्लक

"पापा, तीसरी बार भी एक ही आएगा! कितनी बार बताऊँ?" समीरने पेन्सिल टेबलावर आपटली.

आत्माराम शेडगे प्रोग्रॅम लिहिलेल्या कागदाकडे बघत राहिले. "अरे, पण मागच्या वेळेला एक झाला होता ना? मग आता दोन. तो एक गेला कुठे?"

"गया. फंक्शन खतम, वेरिएबल खतम. अगली बार नया बनेगा, ज़ीरो से. यह ऑटो है, स्टैटिक होता तो पुराना याद रखता."

हे काही केल्या आत्मारामांच्या गळी उतरत नव्हते. साताऱ्याहून लखनौला आल्यापासून सव्वीस वर्षे त्यांनी एकाच कारखान्याचे भांडार सांभाळले होते. नट-बोल्टांच्या प्रत्येक खणावर कार्ड टांगलेले, आणि सकाळची पहिली ओळ कायम तीच : मागची शिल्लक. काल होते ते आज शून्य झाले, तर भांडारात त्याला चोरी म्हणतात.

आता भांडार कॉम्प्युटरवर जाणार होते. परीक्षा पास होईल तो राहील. नापास होईल त्याने राजीनामा द्यायचा आणि हवे तर ठेकेदाराकडे हमाल म्हणून नव्याने लागायचे. भांडारातल्या माणसाला सी भाषा कशाला, हे साहेबांनाही ठाऊक नसावे. आलमबागच्या क्लासवाल्याकडे तेवढाच कोर्स तयार होता, म्हणून तो सगळ्यांच्या बोकांडी बसला.

विजयाताई हातात भाजीची परात घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "अहो, एवढं काय त्यात? चहाचा कप आपण दर वेळी धुऊन घेतो की नाही? कालचा चहा राहतो का त्यात? पण मिठाची बरणी रोज कोण धुतंय? आहे त्यातच भर घालायची. तो ऑटो म्हणजे कप, नि स्टॅटिक म्हणजे बरणी. काय रे?"

"मम्मी, एकदम सही!" समीर हसला.

"विसळला की रिकामा," आत्माराम पुटपुटले आणि त्यांचा चेहरा उजळला. समीरने घातलेली उदाहरणे त्यांनी एकट्याने सोडवली. एकही चुकले नाही. कित्येक दिवसांनी ते पोटभर जेवले.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांना बूट बाहेर काढायला लावले. कॉम्प्युटरला धूळ चालत नसे. थंडगार खोलीत आत्माराम मोज्यांवर बसले. पेपरात नेमके कप आणि बरणीच आले होते. त्यांना मनातल्या मनात हसूच आले. तेवढ्यात क्लासचा मास्तर डोक्यावर येऊन उभा राहिला. "जल्दी कीजिए, अंकल." घाई झाली आणि हाताने सवयीचे तेच केले. प्रत्येक वेळी मागचे पुढे ओढले. सगळ्या कपांत कालचा चहा राहिला.

हे त्यांच्या ध्यानात आले ते बाहेर बुटाची नाडी बांधताना. ते तसेच आत धावले.

"सर, मुझे आता है. बस एक बार काग़ज़ दे दीजिए."

"जमा हो गया, अंकल."

सरोजिनी नगरला घरी परतताना बसमध्ये त्यांना रडू आवरेना. काही येत नसते तर इतके वाईट वाटले नसते.

महिना उलटला. कारखान्याच्या दवाखान्यात ठेकेदाराच्या माणसांची तपासणी होती. समीरच्या वयाची पोरे उघड्या अंगाने ओळीत उभी होती. त्यांच्यामध्ये आत्माराम. डॉक्टर जुने ओळखीचे, समीरच्या गोवरापासूनचे.

"शेडगे जी, आप इधर कैसे? यह तो नई भर्ती की लाइन है."

"जी. नई भर्ती."

डॉक्टरांनी कोरा फॉर्म पुढे ओढला. कंपाउंडरने छातीभोवती टेप गुंडाळली. "साँस भरिए, चाचा. और... थोड़ा और फुलाइए."

आत्मारामांनी होता नव्हता तेवढा जोर लावून श्वास भरून घेतला. मानेच्या शिरा ताठ झाल्या. टेप कशीबशी हवी तेवढी सरकली. कंपाउंडरने आकडा सांगितला, डॉक्टरांनी लिहून घेतला आणि पुढच्या पोराला हाक मारली.

आता सोडा, असे कुणी म्हटले नाही. आत्माराम छाती फुगवून तसेच उभे राहिले.