कोळपे आणि लावणीची दोरी

मित्रांनो, भाताच्या चिखलात राबणारे मी एक जुने कोळपे आहे. लोहाराने मला दोन दातेरी चाके दिली, सुताराने लांब दांडा. भाताच्या दोन ओळींमधून मला पुढे-मागे ढकलले की तण उपटून चिखलात गाडले जाते आणि तिथेच कुजून त्याचे खत होते. दिवसभर वाकून राहणे टळले, म्हणून घरातल्या सासूबाई मला 'कमरेचा डॉक्टर' म्हणत.

मात्र मला वाट सरळ लागते. त्यासाठी लावणीच्या वेळी दोरी ताणतात. तिला ठरावीक अंतरावर लाल चिंध्या बांधलेल्या असतात. चिंधी तिथे रोप!

गेल्या हंगामानंतर सासरेबुवांनी मला धुतले, तेल लावले आणि हाताला लागलेल्या दोरीने कोठीच्या आढ्याला करकचून बांधले. एवढी निगा! मी फुलून गेले.

लावणीच्या सकाळी कोठीत शोधाशोध सुरू झाली.

"अहो, दोरी कुठंय?"

"ठेवलीय की नीट."

"तुम्ही नीट ठेवलेलं आजवर कधी सापडलंय?" सासूबाई करवादल्या.

पोती हलली, पिंपे सरकली. वर कुणी पाहिले नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा! लाल चिंध्या माझ्याच अंगात रुतल्या होत्या. मला ओरडता येईना, हलताही येईना. उपटलेली रोपे सुकू लागली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "चला, नजरेच्या अंदाजानंच लावू." दार लागले. मी अंधारात लटकत राहिले.

पुढे तण माजले. घराचे वर्षभराचे धान्य त्याच खाचरात होते. सून मला घ्यायला आली. गाठ सोडता सोडता ती थबकली.

"बाबा, ही बघा तुमची दोरी! डॉक्टरांच्या गळ्यात!"

सासरेबुवांनी कान खाजवत दोरी गुंडाळली.

मी खाचरात उतरले. दोन पावले गेले, तर समोर रोप. डावीकडे वळले, तिथेही रोप. सुटूनही मी अडकलेलेच! सुनेने जोर लावला आणि भाताचे एक हिरवे रोप माझ्या दातांत आले.

"अगं थांब! तण काढायला आलोय, भात नव्हे," सासूबाई म्हणाल्या.

मला बांधाशी उभे केले. तिघेही वाकले. कित्येक दिवस मी त्यांच्या वाकलेल्या पाठी पाहत होते. चाके असून मला एक पाऊल टाकता येत नव्हते. भात वाचला, पण खालचा कोपरा हात पोचण्याआधीच तणाने गिळला.

मित्रांनो, अवजार जपा. पण पुसून टांगले म्हणजे जपले असे नव्हे. त्याच्या कामाची वाटही राखून ठेवावी लागते.

आता मी पुन्हा आढ्याला आहे, यंदा साध्या सुतळीने बांधलेले. सुनेने दोरी दाराजवळच्या खिळ्याला अडकवली आहे. दार उघडले की तिच्या लाल चिंध्या हलतात आणि मी लावणीची वाट पाहते.