कमरेएवढी उरलेली भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. आता जेमतेम कमरेएवढी उरले आहे, त्यामुळे नवे पाहुणे मला भिंत म्हणतच नाहीत. कट्टा म्हणतात आणि माझ्यावर खुशाल चहाचे कप ठेवतात. ठेवू देत. पण एके काळी मी जमिनीपासून छतापर्यंत होते आणि माझा तोराही तेवढाच उंच होता.

मला बांधणारा गवंडी भलता काटेकोर होता. विटांचा प्रत्येक थर झाला की तो ओळंबा सोडून बघायचा आणि एखादी वीट केसभर सरकलेली दिसली तरी काढून पुन्हा बसवायचा. गिलावा वाळला तेव्हा मला कळलं की मी घराच्या मधोमध उभी आहे. एका अंगाला स्वयंपाकघर, दुसऱ्या अंगाला बाहेरची खोली आणि माझ्या एका टोकाला ये-जा करायचं दार. वर छत होतंच. तेव्हा हे छत माझ्याच डोक्यावर आहे असं मी ठरवून टाकलं. आपण जरा हललो तर या घराची धडगत नाही, या समजुतीत मी कितीतरी वर्षं ताठ उभी राहिले.

या घरात एक शिंपी राहायला आले. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणायची आणि त्यांच्या बायकोला काकू. त्यांना एक मुलगी होती. मास्तरांनी बाहेरच्या खोलीत, दारापासून लांबच्या टोकाला, अगदी मला खेटून शिलाई मशीन मांडलं. ते चालू झालं की माझ्या अंगाला गुदगुल्या व्हायच्या. मास्तरांच्या हाताला चैन नव्हती. काम संपलं तरी ते उगाच एखादं बटण घट्ट करत बसायचे.

आता गंमत अशी की मशीनच्या खडखडाटात काकूंची हाक त्यांना कधीच ऐकू जायची नाही. काकू स्वयंपाकघरातून घसा फोडून ओरडायच्या आणि इकडे मास्तर मान खाली घालून कॉलर जोडत असायचे. शेवटी वैतागून एकदा काकूंनी मला ठोकलं. तो ठोका मास्तरांच्या टेकलेल्या खांद्याला जाणवला आणि ते लगेच उठून आत गेले. त्या दिवसापासून घरात नवीनच रीत पडली. काकूंनी बोटांच्या पेरांनी एकदा टकटक केलं की चहा झाला. तीनदा केलं की जेवायला या. मास्तर तिकडून एकदा वाजवून पोच द्यायचे आणि मशीनवर कापड टाकून उठायचे. त्यांचा संसार माझ्यामधून बोलायचा, याचा मला फार अभिमान होता. लेक लहानपणी मुद्दाम तीनदा ठोकून बापाला उठवायची आणि मग पोट धरून हसायची.

मग एका सकाळी मास्तर मशीनवरच कलंडले. दवाखान्यातून परत आले तेव्हा त्यांचं उजवं अंग लुळं पडलं होतं आणि बोलणं जवळजवळ गेलं होतं. ‘हं’ आणि ‘नको’ एवढंच काय ते नीट उमटायचं. मशीनच्या जागी मोठी खुर्ची आली. काकू ताट तिथेच नेऊन द्यायच्या, त्यामुळे टकटक बंद झाली. मित्रांनो, मला त्याचं फार वाईट वाटलं. सांगणार कोणाला?

पण माणूस हट्टी होता. दुपारी लेक कामावर आणि काकू बाजारात गेल्या की मास्तर खुर्चीचा हात धरून उभे राहायचे. तोंड माझ्याकडे करायचे, डावा तळवा माझ्यावर घट्ट टेकायचे आणि खेकडा चालतो तसे तिरपे सरकायचे. सुरुवातीला दोन पावलांत घामाघूम व्हायचे. मग कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत पोहोचले, मग विजेच्या बटणापर्यंत. त्यांना दारापर्यंत जायचं होतं आणि दारातून आपल्या पायांनी स्वयंपाकघरात शिरायचं होतं. घरात कोणालाच याचा पत्ता नव्हता. माझ्या रंगावर त्यांच्या तळव्याचा एक मळकट पट्टा उमटत चालला होता. काकू तो ओल्या फडक्याने पुसायच्या आणि भिंत सारखी कशी मळते म्हणून मलाच बोल लावायच्या.

असेच दिवस चालले असताना तो प्रसंग घडला. काकू मिक्सरवर काहीतरी वाटत होत्या. मास्तरांची कात्री खुर्चीखाली पडली, ती उचलायला ते वाकले आणि खालीच आले. पडल्या पडल्या ते मला ठोकू लागले. माझ्या अंगातून ते ठोके पलीकडे जात होते, पण काकूंचा हात मिक्सरवर होता आणि कानात त्याचीच घरघर. मिक्सर थांबला तेव्हा कुठे त्या धावत आल्या. मास्तरांना फारसं लागलं नव्हतं, पण उरलेला दिवस काकू त्यांच्याजवळून हलल्या नाहीत. त्या दिवशी संध्याकाळी लेक घरात शिरली तशी त्यांनी तिला पाणीसुद्धा पिऊ दिलं नाही.

“ही भिंत जाणार,” काकू म्हणाल्या. “हात कामात असले तरी डोळे यांच्यावर राहिले पाहिजेत. मला बाकी काही ऐकायचं नाही.”

मला राग यायला हवा होता. आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण मास्तरांच्या रोजच्या चालण्याचं काय, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला.

मायलेकींनी कंबर कसली. लेकीने बापाचा शिंप्याचा खडू आणि टेप घेतला आणि जमिनीवरच घराचा नवा नकाशा काढला. इथे ओटा वळवायचा, तिथे जेवायचं टेबल, खिडकीखाली सोफा, शेगडीवर धूर ओढणारा पंखा. शेजारच्या बाईंनी येऊन सांगितलं की कांद्याचा वास गाद्यांना लागेल आणि आल्यागेल्याला खरकटी भांडी दिसतील. काकू म्हणाल्या, दिसू देत, भांडी काय कोणाच्या घरात आपोआप घासली जातात? लेकीला मी मुळापासूनच जायला हवी होते. एक मोठी, मोकळी, उजेडाची खोली तिच्या डोळ्यांसमोर होती आणि तिने मन लावून एकेक रेघ ओढली होती. माझ्या जागी तिने नुसती फुली मारली. मास्तर खुर्चीतून त्या फुलीकडे बघत होते. ते “नको” म्हणाले. पुन्हा एकदा म्हणाले.

लेकीला वाटलं बाबांना खर्च नको आहे. काकूंना वाटलं त्यांना धूळ नको आहे. दोघींनी त्यांची प्रेमाने समजूत काढली. मास्तरांनी मान फिरवली. असं हरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

गवंडी आला तो रविवारी. हा नवा गवंडी होता, गप्पिष्ट आणि पोटाने जरा सुटलेला. वर बघत त्याने छताची तुळई न्याहाळली, दोन्ही टोकांचे खांब तपासले आणि काकूंना हसून म्हणाला, या भिंतीवर काहीच भार नाही, ती नुसती मधे उभी आहे. मित्रांनो, इतक्या वर्षांचा माझा ताठा त्या एका वाक्यात उतरला. छत पेलल्याचा आव मी आणत होते, आणि छताला माझी खबरसुद्धा नव्हती.

मग आतून कुठे पोकळ आहे का, वीज-पाण्याच्या नळ्या कुठून गेल्या आहेत, ते बघायला तो स्वयंपाकघराच्या बाजूने मला हातोडीच्या दांड्याने ठोकू लागला. टक, टक, टक. थांबला. कान लावला. काकू आणि लेक त्याच्या शेजारीच उभ्या होत्या.

पलीकडे मास्तरांनी झटकन मान वर केली. एवढ्या महिन्यांनी तीन ठोके पडले होते. त्यांचा डावा हात वर आला आणि त्यांनी मला एकदा वाजवलं. पोच दिली. मग खुर्चीचा हात धरून ते उठले, तळवा माझ्यावर टेकला आणि निघाले. कॅलेंडरचा खिळा गेला, विजेचं बटण गेलं. एकदा पाय मुडपला तेव्हा सगळा भार माझ्यावर आला. मी तो घेतला. छताचा नव्हे, पण हा भार माझाच होता. त्यांनी दम खाल्ला, दात आवळले आणि पुन्हा सरकले. दाराची चौकट त्यांच्या हाती आली.

ते स्वयंपाकघरात उभे राहिले. गवंड्याची हातोडी हवेतच राहिली. लेकीच्या तोंडून “बाबा” एवढंच निघालं. काकूंनी हाताने सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं आणि एक स्टूल पुढे ओढलं. गॅसवर अजून काहीच शिजलेलं नव्हतं.

“बसा,” त्या म्हणाल्या. “वाढतेच.”

मास्तर बसले. काकूंनी काल उरलेलं काहीतरी गरम करून त्यांच्यापुढे ठेवलं आणि डोळे पुसायला पाठ फिरवली. मास्तरांनी डाव्या हाताने सगळं संपवलं. मग लेक उठून बाहेरच्या खोलीत गेली आणि माझ्यावरच्या मळकट पट्ट्यासमोर उभी राहिली. तिने आपला तळवा त्यावर ठेवून पाहिला. काकूही आल्या. रोज आपण काय पुसत होतो ते त्यांना आता कळलं.

“म्हणून नको म्हणत होतात?” लेकीने विचारलं.

“हं,” दाराला धरून उभे असलेले मास्तर म्हणाले.

काकू आपल्या म्हणण्यावरून तसूभरही हटल्या नाहीत. त्यांना नवरा दिसायलाच हवा होता. मास्तरांनाही हाताला आधार हवाच होता. शेवटी मास्तरांनीच खडू मागितला. त्यांनी तळवा माझ्यावर आरामात टेकवला, लेकीने तिथे खूण केली आणि मास्तरांनी डाव्या हाताने, जरा वाकडी पण ठळक, एक रेघ ओढली. आयुष्यभर कापड कापण्याआधी ओढली तशीच. गवंड्याने डोकं खाजवलं. अर्धी भिंत डुगडुगते म्हणाला, मग स्वतःच त्यावर तोड काढली. वरून सिमेंटचा सळई घातलेला पट्टा ओतायचा आणि त्यावर गुळगुळीत फळी बसवायची.

मला कापलं तेव्हा फार धूळ उडाली. खोटं कशाला बोलू, मला भीतीही वाटली. पण रेघेच्या खाली त्याने एक वीट हलू दिली नाही. लेकीने नकाशातली फुली पुसली. सोफा जरा सरकला, टेबल थोडं लहान आलं आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतलं ऊन पहिल्यांदाच मास्तरांच्या पायांवर पडलं. आता काकू कांदा चिरता चिरता त्यांना दिवसभराचं गाऱ्हाणं सांगतात. मास्तर माझ्या फळीवर डाव्या हाताने मटार सोलतात आणि ‘हं’ म्हणतात.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, आपलं घर आपल्या मनासारखं करायला निघाल. जरूर करा. जुनी भिंत नडत असेल तर पाडा, आमची हरकत नाही. फक्त हातोडा उचलण्याआधी तिच्यावर कोणाच्या हाताचा डाग आहे का ते बघा. आणि घरातलं सर्वात कमी बोलणारं माणूस ‘नको’ म्हणालं, तर ते का म्हणतंय हे त्याच्याजवळ बसून विचारा.

आता ते दोघं एकमेकांना समोरासमोर दिसतात. हाक मारायची गरज नाही, ठोकायची तर नाहीच. तरीही जेवण तयार झालं की काकू हात पुसतात, मास्तरांकडे बघतात आणि माझ्यावर तीनदा टकटक करतात. मास्तर एकदा वाजवून पोच देतात, हात माझ्यावर टेकतात आणि उठतात.