तिरप्या अक्षरातलं पान

मी एक तिरपा फॉन्ट बोलतोय. पुस्तकात कुणाच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे द्यायचे झाले, की ताठ उभ्या अक्षरांच्या गर्दीत जी जराशी उजवीकडे कललेली अक्षरं दिसतात, तो मी. तुम्ही मला पाहिलं असेल. वाचलं असेलच असं नाही.

माझा जन्म निमगाव केतकीचा. सुकन्या पुण्यात अक्षररचना शिकली आणि घरी येऊन मला काढायला बसली. कुठं जाड, कुठं बारीक रेषा, टोकाला बोरूची धार. एका 'ळ'च्या पोटासाठी तिनं अख्खा उन्हाळा घालवला. तिच्या वडिलांना वाटायचं, पोरगी एवढी शिकली आणि अजून बाराखडीच गिरवतेय.

पुढं ती बारामतीत रघुनाथरावांच्या छापखान्यात पानं लावायच्या कामाला लागली. मीही सोबत गेलो. ग्रंथांसाठी जन्मलेल्या माझ्या वाट्याला पहिलं वाक्य आलं ते 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं!' मग वास्तुशांत, जावळ, रसवंतीचं उद्घाटन. अशी माझी साहित्यसेवा सुरू झाली.

शेवटी एकदाचा ग्रंथ आला. डाळजचे हिंदुराव, साखर कारखान्याचे माजी संचालक, पंचाहत्तरीचे झाले. त्यांचा गौरवग्रंथ निघणार होता. त्यात मान्यवरांचे ढीगभर लेख होते आणि सगळे सारखेच. कुणी कुणाचं पाहून लिहिलं नव्हतं. सगळ्यांनी मागच्या कुठल्या तरी गौरवग्रंथातून घेतलं होतं, नाव तेवढं बदललं होतं. एक प्रसंग मात्र प्रत्येकात होता. दुष्काळात उजनी धरणाचं पाणी आटून पार आत गेलं, तेव्हा हिंदुरावांनी विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीचं कुलूप आपल्या हातानं काढलं आणि वस्तीला पाणी दिलं.

त्यांच्या पत्नीचं, प्रयागबाईंचं मनोगतही तयार होतं. ते एका प्राध्यापकांनी लिहिलं होतं. सुकन्या फोटो काढायला डाळजला गेली आणि तिनं सहज ते त्यांना वाचून दाखवलं. 'मी त्यांच्या कर्तृत्वाच्या वटवृक्षाखालची इवलीशी वेल' इथपर्यंत प्रयागबाईंनी ऐकून घेतलं.

"ह्यात मी कुठं हाय?" त्यांनी विचारलं.

मग शेंगा निवडता निवडता त्या स्वतः बोलल्या. आवाज न चढवता. त्या साली मालकांनी उसाच्या बेण्यासाठी पाणी राखून खोलीला कुलूप घातलं आणि ते कारखान्याच्या बैठकीला गेले. वस्तीवरच्या बाया रिकाम्या घागरी घेऊन बांधावर बसून राहिल्या. प्रयागबाईंनी पहार घेतली, कुलूप फोडलं, मोटार चालू केली. मालक आल्यावर महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पुढं गावात कौतुक व्हायला लागलं, तेव्हा ते कौतुक मात्र त्यांनी घेतलं.

सुकन्यानं तसंच्या तसं उतरवलं आणि ते पान माझ्यात लावलं. कच्ची प्रत दाखवताना प्रयागबाईंनी विचारलं, अक्षरं अशी कललेली का? माणसाच्या तोंडचं बोलणं असं लावतात, असं सुकन्यानं सांगितलं. त्या म्हणाल्या, बोलताना माणूस वाकतंच की पुढं.

हिंदुरावांनी ते पान वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. हे काढून टाका, म्हणाले. सुकन्या काही बोलणार, तोच आतून प्रयागबाई आल्या.

"ते काढायचं असंल तर माझा फोटू बी काढा. सत्काराला मी येणार न्हाय."

सत्कार जोडीनं व्हायचा होता, दोन खुर्च्या सांगून झाल्या होत्या. हिंदुरावांनी चष्मा परत चढवला. मग म्हणाले, अक्षर बारीक करा आणि पान मागं ढकला. तिरपं कोण वाचतंय? माझ्या आयुष्यात एवढं नेमकं मत कुणी दिलं नव्हतं.

इंदापूरच्या समारंभात प्रमुख पाहुणे नेहमीप्रमाणे ग्रंथ न वाचताच आले. माईकसमोर उभं राहून त्यांनी पानं चाळली. सगळी एकसारखी. एकच वेगळं दिसलं, तेवढं ते मोठ्यानं वाचू लागले. पहारीपर्यंत आले तेव्हा आपण काय वाचतोय ते त्यांना कळलं. पण मंडप एवढा शांत झाला होता की थांबणं जमेना.

वाचून झालं. कुणी टाळी वाजवेना. प्रयागबाई पदर सावरून समोर बघत होत्या. हिंदुराव उठले. त्यांनी माईक घेतला.

"व्हय. कुलूप हिनंच फोडलं. किल्ली माझ्या खिशात व्हती."

एवढं बोलून ते खाली बसले. आधी बायांच्या बाजूनं टाळी उठली, मग बाकीच्यांनाही वाजवावी लागली.

इथं गोष्ट संपायला हवी होती. पण आठवड्याच्या आत महामार्गावर त्यांच्या नातवानं, राजवर्धननं, भलामोठा फ्लेक्स लावला. 'सत्य स्वीकारणारं एकमेव नेतृत्व!' अक्षरं माझीच. खाली हात जोडलेले हिंदुराव आणि गावाचं नाव, 'डाळज'. प्रयागबाईंना जागा पुरली नाही.

तर सध्या मी तिथं उन्हात ताणलेला आहे. माझ्या 'ळ'चं पोट पार सपाट झालंय. पण रविवारी सुकन्या डाळजला जाते. प्रयागबाईंचं अजून पुष्कळ सांगायचं राहिलंय, आणि आता हिंदुराव स्वतः चहा आणून ठेवतात. त्या एखादी गोष्ट विसरल्या तर आठवणही करून देतात. ते पुस्तक निघेल तेव्हा तुमच्यापाशी एकच मागणं आहे. सवयीनं तिरपं गाळून पुढं जाऊ नका. अख्खं पुस्तक तिरपंच असणार आहे.