टेबलाखालचं पेडल

मी टेबलाखालून बोलतोय. जरा वाकून बघा. खुर्चीच्या पुढे, भिंतीच्या बाजूला, काळपट रंगाचा चपटा डबा दिसेल. तोच मी. टाइप करणाऱ्यांच्या पायाखालचं पेडल.

वजन उतरवायला किंवा पाय टेकायला मी नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पाहुणे हमखास तसं करतात. माझं काम ऐकवण्याचं. मधोमध दाबलं की आवाज सुरू, पाय उचलला की बंद. उजवीकडे दाबलं की पुढे, डावीकडे दाबलं की मागे. हात टाइप करत राहतात आणि पाय ऐकत राहतो. एवढंच माझं आयुष्य, पण मला ते फार आवडलं.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्यातलं मला काही आठवत नाही, फक्त तपासनीस बोटाने तीनही बाजूंनी टकटक करून गेला होता. खरा जन्म म्हणाल तर मावशीचा पाय पडला तेव्हा. तेव्हा ती कुणाची मावशी नव्हती. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, नोंदींच्या खोलीत, नव्याने लागलेली एक बारीकशी मुलगी होती. चपला टेबलाबाहेर काढून ठेवायची आणि मोज्यातल्या पायाने मला इतकं हळू दाबायची की मलाच लाजल्यासारखं व्हायचं.

काम असं होतं. वरच्या मजल्यांवर डॉक्टर पेशंट तपासायचे आणि मग छोट्या यंत्रात बोलून ठेवायचे : काय दुखतंय, काय सापडलं, कुठलं औषध दिलं. त्या कॅसेट टोपलीतून खाली यायच्या. ह्या बायका त्या ऐकून कागदावर उतरवायच्या. डॉक्टर कसे बोलत, विचारू नका! एक बिस्किटं खात बोलायचे. एक सर्जन दर वाक्याला खोकायचे. एक तर जिना चढता चढता बोलायचे, आणि त्यांच्या धापा ऐकून खोलीतल्या बायका ओळखायच्या की लिफ्ट आज पुन्हा बंद आहे.

त्या खोलीवर राज्य होतं मोठ्या बाईंचं. त्यांच्या हातात कायम लाल पेन्सिल. नवी मुलगी आली की तिला कितीतरी महिने खरी कॅसेट द्यायच्या नाहीत. जुन्या कॅसेट ऐकवायच्या, लिहून घ्यायच्या आणि पान लालेलाल करून परत द्यायच्या. मावशी सुरुवातीला त्या पानांवर रडली आहे. तिच्या पायाचा थरथराट मला कळायचा.

आणि त्या खोलीचा एक नियम होता, जो मोडला तर मोठ्या बाई घरी पाठवायला कमी करायच्या नाहीत. ऐकू आलं नाही, तर तिथे जागा रिकामी सोडायची. अंदाज करायचा नाही. शेजारणीला ऐकवा, तिलाही नाही कळलं तर रिकामी जागा ठेवून डॉक्टरांकडे पाठवा. "कागदाच्या पलीकडे एक माणूस झोपलाय," त्या म्हणायच्या, "त्याच्या अंगात तुमचा अंदाज जाता कामा नये."

मावशी इतक्या रिकाम्या जागा सोडायची की बायका तिला 'भोकं' म्हणायला लागल्या. "भोकं, चहा घेणार का?" असं सर्रास चालायचं. एकदा खोकणारे सर्जन वैतागून स्वतःच खाली आले. "एवढं साधं कळत नाही?" म्हणाले. मावशीने उठून त्यांना आपली खुर्ची दिली, कानाला लावायचं दिलं. त्यांनी भला थोरला बूट माझ्यावर ठेवला, डावीकडे दाबलं, ऐकलं, पुन्हा दाबलं. मग म्हणाले, "हा कोण बोलतोय?" सगळी खोली हसली. तेही हसले, आणि पेशंटला पुन्हा बघायला वर गेले. त्यानंतर ते खोकून झाल्यावर बोलायला लागले.

काय दिवस होते ते! दुपारी सगळ्यांच्या पायाखालची पेडलं एका लयीत चालायची, टक टक, टक टक. खिडकी उंचावर होती, तिच्यातून फक्त रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय दिसायचे. म्हणून मला ती खोली आपली वाटायची.

मग कॅसेट गेल्या. कॉम्प्युटर आले. काम बाहेर दिलं जाऊ लागलं, टेबलं एकेक करून रिकामी झाली, मोठ्या बाई निवृत्त झाल्या. शेवटी मावशीचीही वेळ आली. निरोपाच्या दिवशी साहेबांनी विचारलं, "तुम्हाला आठवण म्हणून काय देऊ?" सगळ्यांना वाटलं घड्याळ मागेल. तिने टेबलाखाली बोट दाखवलं. माझ्या आयुष्यात माझा एवढा मान कधीच झाला नव्हता.

लग्न मावशीने केलं नव्हतं. ती धाकट्या बहिणीच्या घरी राहायला आली, आणि मी शिवणयंत्राखाली. शिवणयंत्राचं पेडल लोखंडी, ऐसपैस, जाळीदार. त्याला वाटायचं पेडल म्हणजे तेच. मी त्याच्याशी वाद घातला नाही, पण आमचं जमलंही नाही. माझ्यावर चिंध्या पडल्या, सुया पडल्या, एक बटण तर माझ्या फटीत जाऊन कायमचं बसलं. कुणी मला विसरलं असं मी म्हणणार नाही. माझी गरज नव्हती, इतकंच.

मग घरावर संकट आलं. बहिणीच्या नवऱ्याला, म्हणजे भाचीच्या बाबांना, अर्धांगाचा झटका आला. ते अंथरुणाला खिळले आणि त्यांचं बोलणं तोंडातल्या तोंडात अडकायला लागलं. बहीण दुकानात काउंटरवर उभी राहायची, ती नोकरी सोडणं परवडण्यासारखं नव्हतं. भाची एका दवाखान्यात फोन घ्यायची, ती घरी बसली. बाबांना कुशीवर वळवायचं, भरवायचं, आणि रोज येणाऱ्या व्यायामवाल्या बाईंच्या हाताखाली मदत करायची. घरातून करता येईल असं काम तिला हवं होतं, बाबांच्या खोलीला लागून असलेल्या टेबलावर. दुसरं काही तिच्या हातात नव्हतं.

एक दिवस ती मोबाइल घेऊन धावत आली. "मावशी, हे बघ! तुझंच काम! घरबसल्या. काही आठवड्यांत सर्टिफिकेट, आणि नोकरीची हमी!"

खरं सांगू? मावशीने तिथेच हात दाखवून थांबवायला हवं होतं. पण तिचे डोळे भरून आले. आपलं काम मेलेलं नाही, आपल्याच घरात ते पुढे चालणार, ह्या आनंदात तिने पुढचं काही वाचलंच नाही. त्या क्लासचा फोनवरचा गोड आवाजाचा मुलगा डिक्टेशन म्हणाला, हॉस्पिटल म्हणाला, अचूकता म्हणाला. मावशीला ते सगळे माहेरचे शब्द वाटले.

फी भरायची होती. घरात शिल्लक म्हणावी अशी एकच रक्कम होती, बाबांच्या व्यायामासाठी बाजूला ठेवलेली. "काम लागलं की लगेच परत टाकू," भाची म्हणाली. बाबा आतून ऐकत होते. त्यांनी मान हलवली, म्हणजे चालेल.

मावशीने मला शिवणयंत्राखालून ओढून काढलं, ओल्या फडक्याने पुसलं. कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याने एक जोड बसवून दिला आणि माझी वायर नव्या यंत्रात गेली. भाचीचा पाय माझ्यावर पडला. अनवाणी, उतावळा, धसमुसळा पाय. मला आवडला.

प्रवेशासाठी एक चाचणी होती. एक आवाज ऐकून टाइप करून पाठवायचा. भाची अर्ध्यापर्यंत आली आणि माझी स्प्रिंग सुटली. इतक्या वर्षांनी होणारच. दाबलं की मी दबलेलाच राहायचो.

"माउसने ऐकते ना," भाची म्हणाली.

"हात टाइप करायला, पाय ऐकायला," मावशी म्हणाली. "आज पुरे. उद्या ह्याला नीट करू, मग उरलेलं."

"तुझं त्या डब्यावर फार प्रेम!" असं पुटपुटत भाची काम साठवून ठेवायला गेली आणि चुकून पाठवण्याचं बटण दाबून बसली. अर्धीच चाचणी गेली. पेशंटला काय झालंय एवढं त्यात होतं. औषध कुठलं, किती, कधी, हे सगळं न ऐकलेल्या अर्ध्यात. पोरगी रडकुंडीला आली. गेला प्रवेश, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर आलं. अभिनंदन! तुमची अचूकता उत्कृष्ट आहे. तुमची जागा राखून ठेवली आहे. आज संध्याकाळपर्यंत फी भरा.

भाची घरभर नाचली. बाबांना सांगून आली. मावशीनेही तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. मग ती खुर्चीत बसली, पाय माझ्यावर आला आणि तिथेच राहिला.

"अगं," ती म्हणाली, "आपण अर्धंच पाठवलं होतं ना?"

"हो. पण त्यांना आवडलं."

"आवडायला ते काय गाणं होतं का?"

भाचीने मोबाइल उघडून ते उत्तर पुन्हा वाचलं. मग फणकाऱ्याने म्हणाली, "त्यांना माझी समज दिसली असेल."

"मोठ्या बाईंनी मला पहिल्या वर्षात एकदाही उत्कृष्ट म्हटलं नाही. औषधाशिवायच्या कागदाला जो उत्कृष्ट म्हणतो, त्याने तो कागद उघडलेलाच नाही, बाळा. त्याला तुझं टाइपिंग नकोय."

भाचीने चिडून फोन लावला. स्पीकर चालू केला, म्हणजे मावशीची खात्री पटावी. "माझ्या चाचणीत काही चुकलं होतं का?"

"काहीच नाही ताई! एकदम परफेक्ट. फक्त आजची सूट संपायच्या आत पैसे टाका."

मावशी पुढे झाली. "शिकवणार कोण? त्यांच्याशी बोलता येईल का? तुमच्याकडे शिकून कामाला लागलेल्या कुणा एकीशी गाठ घालून द्या. काम कुठलं हॉस्पिटल देणार?"

"आजी, ते सगळं फी भरल्यावर कळतं."

"आणि नाही जमलं तर पैसे परत?"

"आजी, तुम्ही उगाच ताईंचं नुकसान करताय."

मावशीने फोन भाचीच्या हातात दिला. भाचीने तो बंद केला आणि मग जे रडली ते मला ऐकवेना. "दुसरं काय करू मी? सांग ना! ह्या खोलीतून बाहेर जाता येत नाही मला. एवढं एकच दार होतं."

खरं तर मावशीचाही जीव त्याच दारात अडकला होता.

तेवढ्यात आतून बाबांनी काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही, मावशीला कळलं नाही. भाची डोळे पुसत उठली. "काय म्हणालात बाबा? कळलं नाही, परत सांगा." ते परत बोलले. "शेवटचं परत." ते परत बोलले. "खिडकी नको, पडदा ओढू, हो ना?" पडद्याची कडी सरकल्याचा आवाज आला.

मावशीचा पाय माझ्यावर एकदम ताठ झाला.

भाची बाहेर आल्यावर ती म्हणाली, "तुझ्या आईला भावोजींचं बोलणं कळत नाही. मलाही नाही. आम्ही आपलं पाणी हवंय असं समजून पाणी देतो. तू विचारतेस. पुन्हा पुन्हा विचारतेस. अगं, आम्हाला हे शिकायला वर्षं लागली. तू शिकणार. पण जिथे तुझं ऐकतील तिथे."

मग शोध सुरू झाला. मावशीने जुन्या खोलीतल्या बायकांना फोन लावले. "कोण? भोकं? अगं, आहेस का!" अशी एकेक सुरुवात. त्यातल्या एकीची मुलगी एका संस्थेत शिकवत होती. तिने आधीच सांगून टाकलं : हमी देणार नाही. वर्ष लागेल. आता टाइप बरंचसं यंत्र करतं, ते तपासायला माणूस लागतो, आणि तीही कामं पूर्वीइतकी नाहीत. आधी दोन धडे फुकट करून बघ, शिकलेल्या मुलींशी बोल, त्यांना काम देणाऱ्यांना स्वतः फोन कर, मग ठरव. फी हप्त्याने, आणि मधेच सोडलंस तर उरलेली परत.

"यंत्र फार चुकतं का हो?" मावशीने विचारलं.

"चुकतं त्याचं काही नाही, मावशी. त्याला जागा रिकामी सोडता येत नाही. कळलं नाही तरी काहीतरी भरतंच."

मावशी कितीतरी वेळ हसत होती. मोठ्या बाईंनी त्या यंत्राला पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं.

भाचीचा पहिला धडा परत आला तेव्हा कॉम्प्युटरचा स्क्रीन लालेलाल झाला होता. औषधांची नावं चुकलेली, अर्धविराम चुकलेले, एके ठिकाणी डावा गुडघा उजवा झालेला. मी तिच्या पायाकडे लक्ष ठेवून होतो. तो थरथरला नाही. ती खुर्ची पुढे ओढून बसली आणि पहिल्यापासून ऐकायला लागली. व्यायामाचे पैसे व्यायामालाच गेले. पहिला हप्ता मावशीने आपल्या पेन्शनमधून भरला.

एकदा दुरुस्त केलेली माझी स्प्रिंग त्यानंतर दुसऱ्यांदा सुटली आणि ह्या वेळी कॉम्प्युटरवाल्याने हात टेकले. भाचीसाठी नवं पेडल आलं. हलकं, गुळगुळीत, स्वभावाने बरं. मी त्याच्या शेजारी असतो, वायर काढलेला. मला वाईट वाटत नाही असं नाही. पण मला शिवणयंत्राखाली परत टाकलं नाही, ह्यातच सगळं आलं. दुपारी भाची काम करते तेव्हा मावशी शेजारी बसते आणि तिचा पाय सवयीने माझ्यावर येतो. कधी कधी ती डावी बाजू दाबते. काही मागे येत नाही हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी ती दाबते, आणि मला ती उंच खिडकी दिसते, तिच्यातून जाणारे पाय दिसतात, आणि दुपारची ती टक टक ऐकू येते.

माझं मागणं एवढंच आहे. कुणी तुम्हाला न ऐकताच शाबासकी दिली, तर खिशाला हात घालण्याआधी एकदा विचारा, माझं चुकलं कुठे?

परवा भाचीला पहिलं खरं काम मिळालं. छोटंच, एका डॉक्टरीणबाईंचं. तपासून परत आलं तेव्हा ती आनंदाने ओरडली. आतून बाबांनी काहीतरी विचारलं.

"कळलं नाही बाबा, परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं. सावकाश, एकेक अक्षर सोडवून. एव्हाना व्यायामाने त्यांची जीभ थोडी मोकळी झाली होती, त्यामुळे ह्या वेळी मावशीलाही कळलं आणि खाली मलासुद्धा.

"चुका काढल्या का?"

"काढल्या की! पुष्कळ!"

"मग," बाबा म्हणाले, "खरं आहे."